साडीवर न बसणारा माइक

हा वायरलेस माइक घेतला तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि कंपनी सात महिन्यांची. व्हिडिओ करून देणारी ही कंपनी म्हणजे मी, माझी मावसबहीण आणि कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत मामींच्या पिठाच्या गिरणीवरची दहा बाय बाराची खोली. गिरणी दुपारी एकला बंद होते आणि चारला परत सुरू होते, म्हणून आमचं सगळं डबिंग त्या तीन तासांत. मामींकडं जास्तीचं दळण आलं की आमची डिलिव्हरी उद्यावर.

वस्तू साधी आहे. चार्ज होणारी एक डबी, तिच्यात दोन ट्रान्समीटर आणि एक रिसीव्हर. ट्रान्समीटर, म्हणजे आवाज पकडून पाठवणारा छोटा माइक, बोलणाऱ्याच्या कपड्यावर, रिसीव्हर कॅमेऱ्यावर किंवा फोनला. किंमत 12,800 रुपये. त्यातला 18 टक्के जीएसटीही आपल्याच बोडक्यावर, कारण माझी उलाढाल 20 लाखांच्या आत, जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळं तो कुठं वळता होत नाही. माइकच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहिलं की निम्मे लोक म्हणणार पैसे घेतले, आणि उरलेले दुसरी कंपनी कशी भारी ते सांगत बसणार. माइक माझ्या पैशानं घेतलाय, दोन हप्त्यांत, आणि पावणेदोन वर्षं रोज वापरलाय.

त्याआधी आम्ही फोनच्याच माइकवर भागवत होतो. पहिलं मोठं काम एका मिसळवाल्याचं, सहा हजारांचं. कटाची तर्री अशी टिपली होती की बघून घाम फुटावा. मालकांनी व्हिडिओ बघितला आणि म्हणाले, "चित्र लै भारी झालंय ताई, पण मी बोलतोय का विहिरीत पडलोय?" हातात तीन हजार ठेवले. चूक आमचीच होती. लोक हललेलं चित्र चालवून घेतात, न कळणारा आवाज दहा सेकंदही ऐकत नाहीत. माइक त्याच आठवड्यात मागवला.

आता खरं परीक्षण. बंद खोलीत, शर्टाच्या पट्टीवर लावून एक माणूस बोलत असेल तर ह्या माइकला नावं ठेवायला जागा नाही. आवाज भरीव येतो, बॅटरी दिवसभर पुरते, डबीत टाकला की चार्ज. पण कोल्हापुरात बंद खोलीत बोलणारा माणूस मला तरी अजून भेटला नाही.

खासबागेत गेलो एका कुस्तीच्या मैदानाला. 1912 साली शाहू महाराजांनी बांधलेला हा आखाडा, वर्तुळाकार, मध्ये खोलात हौदा, कुठूनही कुस्ती दिसते आणि आवाज सगळीकडून अंगावर येतो. वस्तादांच्या सदऱ्यावर माइक लावला. घरी येऊन ऐकलं तर वस्ताद स्वच्छ, पण हलगी गायब! नॉइज कॅन्सलेशनचं बटण चुकून दाबलं गेलं होतं. त्या यंत्राच्या हिशेबानं हलगी म्हणजे गोंगाट. वस्तादांचा आवाजही पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. अख्खं काम पाण्यात. बटण ट्रान्समीटरच्या कडेला इतकं उघडं ठेवलंय की लावताना बोट तिथंच पडतं. तेव्हापासून त्यावर बँडेजच्या पट्टीचा तुकडा चिकटवलेला असतो. एक सोय मात्र मनापासून आवडली: मुख्य आवाजाबरोबर सहा डेसिबल खाली, म्हणजे जरा बारीक आवाजात, दुसरा ट्रॅक आपोआप रेकॉर्ड होतो. पैलवान चितपट झाल्यावर जो आरडाओरडा होतो त्यात पहिला ट्रॅक फाटतो, दुसरा वाचतो.

गर्दीचा प्रश्न वेगळा. हे माइक 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात, तिथंच वायफाय, तिथंच ब्लूटूथ. अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या संध्याकाळी महाद्वार रोडवर उभं राहिलो, प्रत्येकाच्या हातात फोन. डबीवर अडीचशे मीटर छापलंय, तिथं पंधरा मीटरवर आवाज तुटायला लागला. शिवाय बोलणाऱ्यानं आपल्याकडं पाठ केली की तुटतोच, कारण माणसाच्या अंगातलं पाणी हे सिग्नल पिऊन टाकतं. वाचवलं ते ट्रान्समीटरच्या आतल्या रेकॉर्डिंगनं. मी घेतलेल्या मॉडेलात ते आहे. दोनतीन हजारांनी स्वस्त असलेल्यात नव्हतं. ते पैसे वाचवू नका, एवढंच सांगते.

आणि साडी. हे कुठल्याच परीक्षणात वाचलं नव्हतं, कारण ती सगळी टीशर्ट घालणाऱ्या पोरांनी केलेली. क्लिप शर्टाच्या पट्टीसाठी, लोहचुंबक टीशर्टसाठी. नऊवारीच्या पदरावर क्लिप लावली की पदर वजनानं ओघळतो, बाई बोलताना सारखी पदर सावरते आणि प्रत्येक सावरण्याची खसखस रेकॉर्ड होते. ब्लाउजच्या गळ्याला लावली की मंगळसूत्र टकटक करतं. गुजरीतल्या एका सराफासाठी कोल्हापुरी साजाचा व्हिडिओ करत होतो. साज म्हणजे काय हलकं प्रकरण नाही, जाव मणी, चंद्र, मासा, सगळी पानं छातीवर. बाई मान हलवून हसल्या की माइकवर टाळ वाजल्यासारखं. आणि चुंबक बसवायला आतून हात घालावा लागतो. हे काम एखाद्या पुरुष कॅमेरामननं कसं करायचं? आम्ही दोघी पोरी, म्हणून बायका निवांत लावून घेतात. ह्या एका कारणानं मला तीन कामं मिळालीत.

इलाज बाबांनी काढला. बाबा उद्यमनगरात लेथवर, तीस वर्षं झाली. माइक आल्या आल्या त्यांनी क्लिप दाबून बघितली आणि "स्प्रिंगात दम नाही" म्हणून बाजूला ठेवली. चार महिन्यांत स्प्रिंग गेलीच. मी कंपनीकडून नवीन मागवायला निघाले तर म्हणाले, "बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा अख्खा कॅमेरा ह्या गावात बनवला, आणि तुझी एक क्लिप होईना व्हय?" पितळेची पातळ पट्टी, एका अंगाला पिन, कडा घासून गुळगुळीत. साडीच्या खांद्यावरच्या निऱ्यांना ती पिन बसते, तिथं आधीच सेफ्टी पिन असतेच. माइक दागिन्यांच्या वर राहतो, पदर ओघळत नाही. आता आमच्याकडं अशा चार आहेत.

ही पट्टी खरी कामाला आली ती 2025च्या उन्हाळ्यानंतर. प्राडा ह्या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि इकडं ज्याला त्याला चपलेचा व्हिडिओ हवा झाला. 2019ला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा एवढी धावपळ नव्हती. एका घरात गेलो, दादाच बोलत होते, चामडं कसं कमावतात, तळ कसा ठोकतात. वहिनी मागं बसून वेणी घालत होत्या, म्हणजे चपलेच्या पट्ट्यावरची चामड्याची वेणी. मी दुसरा ट्रान्समीटर त्यांना लावला आणि कॅमेरा दारात नेला. समोर कॅमेरा नाही म्हटल्यावर त्या जावेशी बोलायला लागल्या: एका जोडाला किती वेळ, बोटाला कुठं घट्टे पडतात, कुठला व्यापारी किती कापतो. त्यांना ऐकवून, विचारून, व्यापाऱ्याचं नाव गाळून ते वापरलं. आमचा सगळ्यात जास्त बघितला गेलेला व्हिडिओ तो.

विचारून, हे मुद्दाम लिहिलं. एकदा एका दुकानदारांना माइक लावला होता, ते हिशेब बघतो म्हणून आत गेले. माझ्या कानात हेडफोन. आतून भावाला म्हणतात, "पोरगी आहे रे, आठ म्हणाली तरी पाचात करंल." मला हसू आवरेना. बाहेर आले तेव्हा मी दहा सांगितले. नऊवर तुटलं, निम्मे आगाऊ. पैसे चांगले मिळाले, पण दोन दिवस चोरी केल्यासारखं वाटत राहिलं. आता कोणी आत जायला निघालं की मी आधी म्हणते, "काका, माइक चालू आहे हं." अर्धे लोक तरीही बोलतातच.

बोलण्याचं एक राहिलं. आम्ही कोल्हापूरच्या पोरी "मी आलो, मी जातो" असंच बोलतो. पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं माझा व्हॉइसओव्हर ऐकून विचारलं, "आवाज मुलीचा आहे, मग स्क्रिप्ट मुलाची का?" माइकचा दोष नाही. उलट इतकं स्वच्छ ऐकू आलं म्हणूनच सापडलं.

वसुलीचं सांगते, कारण नवीन पोरी हेच विचारतात. यूट्यूबच्या भरवशावर माइक घेऊ नका. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास बघितले जावे लागतात. आम्हाला चौदा महिने लागले. मग पत्ता पडताळायला गुगलचा पिन टपालानं येतो. पोस्टमनकाकांना वाटलं कुठली तरी नोटीस आहे. खात्यात शंभर डॉलर जमेपर्यंत हातात काही नाही. माइकचे पैसे निघाले ते गिऱ्हाइकांच्या कामातून, चौथ्याच महिन्यात. उद्यम नोंदणीलाही, म्हणजे लहान धंद्याच्या सरकारी नोंदणीला, कोणाला पैसे देऊ नका, ती फुकट आहे. माझ्याकडं एका एजंटानं दीड हजार मागितले होते.

तर घ्यावा का? आतलं रेकॉर्डिंग असलेला घ्या. बटण झाका. क्लिप उद्यमनगरात करून घ्या, दीडशे रुपयांत होईल. आणि वाऱ्यासाठी माइकवर बसवायचं ते फर आधीच जास्तीचं मागवा. डबीत दोनच येतात, आणि आमचं एक पहिल्याच शूटिंगला रंकाळ्यात उडालं. बदकाचं पिल्लू समजून एक लहान पोरगं त्याला शेंगदाणे टाकत होतं.