जॅक कर्बीचे ‘मूळ पान’ आणि माझे ४,२०० डॉलर

अमेरिकन कॉमिक्स चित्रकार जॅक कर्बीच्या हातचे म्हणून गेल्या वर्षी मी ४,२०० डॉलरला जे पान विकत घेतले, ते बनावट निघाले. मी न्यू जर्सीत नोकरी करतो आणि सुपरहिरो कॉमिक्सची मूळ चित्रे, म्हणजे छपाईआधी हाताने काढलेली पाने, जमवतो. म्हणजे या प्रकरणात अजाण होतो असे म्हणण्याची सोयही मला नाही.

विकणाऱ्याने मला गाठले ते कर्बीच्याच दुःखाच्या आधाराने. सहकारी जो सायमन याच्यासोबत कॅप्टन अमेरिका हे पात्र घडवणाऱ्या आणि १९६१ पासून फँटॅस्टिक फोर ही मालिका रेखाटणाऱ्या या चित्रकाराने मार्व्हल या प्रकाशन कंपनीसाठी हजारो पाने काढली, पण ती त्याच्या ताब्यात राहिली नाहीत. १९७० मध्ये तो डीसी या स्पर्धक कंपनीकडे गेला आणि तिथल्या न्यू गॉड्स मालिकेचे लेखन, चित्रे व संपादन त्याने स्वतःच केले. पुढे १९८४ मध्ये मूळ चित्रे परत देण्यासाठी मार्व्हलने इतर चित्रकारांना एका पानाचा करार सहीसाठी पाठवला, तर कर्बीला चार पानांचा, आणि तोही चित्रांची अवघी ८८ पाने परत देण्याच्या बदल्यात. बऱ्याच वादानंतर १९८७ मध्ये दोन हजारांच्या आसपास पाने परत आली. बाकीची गोदामातून केव्हा, कोणी नेली, याचा हिशेब लागला नाही. ‘माझे पान त्याच गहाळ पानांपैकी आहे, म्हणून त्याला पावती नाही,’ असे विक्रेत्याने सांगितले आणि इतिहास खरा असल्यामुळे मीही त्यावर विश्वास ठेवला. वास्तविक, तो खरे बोलत असता तर मी चोरीचा माल घेत होतो. त्या वेळी हे मनाला शिवलेही नाही, याची आज लाज वाटते.

व्हिडिओ कॉलवर त्याने पान छातीशी धरून दाखवले. शेजारी फूटपट्टी ठेवण्यास मी सांगितले नाही. ‘उद्या दुसरे गिऱ्हाईक येते आहे,’ असे तो म्हणाला, आणि शुल्क वाचावे म्हणून ओळखीच्या माणसाला पाठवतात त्या पद्धतीने मी पैसे धाडले. खरेदीदाराला मिळणारे संरक्षण तिथेच संपले.

पान १९६५ चे असल्याचे सांगितले होते. त्या काळी मार्व्हलमध्ये चित्राची चौकट सुमारे साडेबारा बाय साडेअठरा इंचांची असे. दहा बाय पंधराचा लहान आकार १९६७ च्या सुमारास आला. माझ्या हाती आलेली चौकट बरोबर दहा बाय पंधरा भरली. मग भिंग काढले, तेव्हा काळ्या रेषांच्या कडांना छपाईचे बारीक ठिपके दिसले. कर्बी कथानकाच्या सूचना पेन्सिलीने समासात लिहीत असे; तशा सूचना इथेही होत्या, पण एका अक्षरावर खोडरबर हलकेच फिरवला तरी पेन्सिलीचा कणही उठला नाही. कागदाचा पिवळेपणा वरवरचा होता. कोपरा किंचित सोलला तर आत पांढरा शुभ्र पुठ्ठा.

विक्रेत्याचा फोन लागेना. रक्कम तुम्ही स्वखुशीने पाठवली आहे, असे सांगून बँकेने हात वर केले. पोलिसांत तक्रार नोंदवली आहे, पैसे मिळण्याची आशा मात्र मी सोडली आहे.

ते पान मी टाकलेले नाही. मागच्या बाजूवर पक्क्या शाईने, कडेपासून कडेपर्यंत, इंग्रजीत आणि मराठीत ‘बनावट’ असे लिहून ठेवले आहे. माझ्यानंतर कपाट आवरणाऱ्याने ते पुन्हा बाजारात नेऊ नये.