टाइमस्टॅम्पची तुलना: साइन्ड की अनसाइन्ड?

मिलिसेकंद मोजणारा ३२-बिट काउंटर ४९.७ दिवसांनी रॅप होऊन शून्यावर येतो. म्हणून ‘आत्ता > मुदत’ ही थेट तुलना साइन्ड (ऋण आकडेही धरणारा) किंवा अनसाइन्ड (फक्त शून्य आणि धन आकडे धरणारा) अशा कुठल्याच प्रकारात टिकत नाही. साइन्डमध्ये तर ती २४.८ दिवसांतच फसते, कारण आकडा एकदम ऋण होतो. टेस्टिंगमध्ये हे दिसत नाही. टेस्टचं मशीन इतके दिवस सलग चालू कोण ठेवतो? लिनक्स कर्नलमध्ये यावर सुंदर उपाय आहे. तिथला जिफीज नावाचा, वेळ मोजणारा काउंटर मुद्दामच रॅपच्या पाच मिनिटं आधीच्या आकड्यापासून सुरू होतो, म्हणजे चूक असली तर बूटनंतर लगेच उघडी पडते.

खरी निवड वजाबाकीनंतर करायची असते.

उत्तर अनसाइन्डच ठेवून ‘आत्ता − सुरुवात ≥ टाइमआउट’ असं लिहिलं, तर रॅप झाला तरी फरक बरोबर येतो आणि पूर्ण ४९.७ दिवसांचा आवाका मिळतो. पण दुसऱ्या थ्रेडने (प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या भागाने) ‘सुरुवात’ नुकतीच बदलली आणि ती आपल्या ‘आत्ता’च्या एक मिलिसेकंद पुढे गेली, की फरक −१ ऐवजी ४,२९,४९,६७,२९५ येतो. टाइमआउट झाला असं समजून चांगलं चालू असलेलं कनेक्शन तुटतं.

वजाबाकी अनसाइन्ड करून फक्त उत्तर ३२-बिट साइन्डमध्ये कास्ट केलं (म्हणजे त्या प्रकारात बदललं) आणि शून्याशी ताडलं, तर असं थोडं पुढेमागे चालून जातं. इंटरनेटवरची कनेक्शन सांभाळणाऱ्या टीसीपी प्रोटोकॉलच्या टाइमस्टॅम्पसाठी हीच रीत आहे. मात्र आवाका निम्मा होतो. म्हणूनच त्या टाइमस्टॅम्पचे नियम सांगणाऱ्या आरएफसी ७३२३ या दस्तऐवजामध्ये २४ दिवसांहून जास्त निष्क्रिय राहिलेल्या कनेक्शनचा जुना टाइमस्टॅम्प ग्राह्य धरत नाहीत.

या दुसऱ्या रीतीत कास्ट कुठे आणि कशात करता, यावर सगळं अवलंबून आहे. आधी साइन्ड करून मग वजाबाकी केली, तर सी भाषेत ओव्हरफ्लो अनडिफाइन्ड असतो (आकडा मावला नाही तर काय होईल याची हमी नसते) आणि कंपायलर त्या ओळीची परत थेट तुलना करून टाकू शकतो. ६४-बिट लिनक्सवर ‘लाँग’मध्ये (तो तिथे ६४-बिट असतो) कास्ट केलं, तर ३२-बिट फरक कधी ऋण होतच नाही! ऑडिओ-व्हिडिओ पाठवणाऱ्या आरटीपी प्रोटोकॉलचे १६-बिट सीक्वेन्स नंबर (पॅकेटचे क्रमांक) वजा करताना ते आपोआप ‘इंट’ या मोठ्या साइन्ड प्रकारात जातात: ३ − ६५,५३४ चं उत्तर ५ हवं, येतं −६५,५३१. तिथे १६-बिट साइन्डमध्येच कास्ट करा.

पॅकेटमधून आलेल्या ३२-बिट वेळेसाठी मी डोळे झाकून दुसरी रीत घेईन. आपल्याच मशीनवरच्या टायमरसाठी दोन्ही सोडून ६४-बिट साइन्ड नॅनोसेकंद वापरा. ते २९२ वर्षं पुरतात आणि थेट तुलनाही चालते.