मिराशी आधी की उत्खननाचा अहवाल?

नागपुरात राहून प्राचीन विदर्भ वाचायला घ्यायचा, तर सुरुवात कुठून? माझ्या मते खरी निवड दोघांत आहे: वा. वि. मिराशींचं 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काल' (1957; वाकाटक म्हणजे प्राचीन विदर्भावर राज्य करणारं घराणं), नाहीतर शां. भा. देव यांनी केलेल्या नागपूर परिसरातल्या टाकळघाट-खापा, माहूरझरी इथल्या उत्खननांचे अहवाल.

मिराशींचा सारा भर ताम्रपटांवर आणि शिलालेखांवर. एरवी कंटाळवाणा वाटणारा हा ऐवज त्यांच्या हातात बोलका होतो. प्रभावतीगुप्तेचंच घ्या. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांची सून, नवरा गेल्यावर अल्पवयीन मुलाच्या नावाने कारभार पाहणारी. पुण्यात सापडलेला तिचा ताम्रपट दिलाय नंदिवर्धनाहून, म्हणजे आपल्या रामटेकजवळच्या नगरधनहून. आणि त्यात वंशावळ येते ती माहेरच्या गुप्तांची. गोत्रही तिने बापाचंच लावलंय. सासरी राज्य चालवणारी बाई कुणाच्या बळावर उभी होती, हे त्या चार ओळींत कळतं.

पुस्तकाचं वय मात्र जाणवतं. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचं पवनार, असं मिराशींचं मत. पुढे रामटेकजवळच्या मनसरला खोदकाम झालं, 'प्रवरेश्वरस्य' अशी अक्षरं असलेली मुद्रा निघाली आणि बरेच अभ्यासक मनसरकडे वळले. तेवढ्यासाठी पुस्तक बाद होत नाही. प्रवरपुराचा विषय येईल तिथे समासात पेन्सिलीने 'मनसर' लिहा आणि पुढे चला.

अहवालांचं तंत्रच वेगळं. भाषा इंग्रजी, गोष्ट नाहीच. खड्डे, थर, खापरांची रेखाचित्रं, मोजमापं. सलग वाचायला बसाल तर तिसऱ्या पानावर डुलकी येईल, बाप्पा! पण एखादी नोंद अशी भेटते की थबकायला होतं: माहूरझरीच्या शिळावर्तुळांत, म्हणजे भोवती दगड गोल मांडलेल्या दफनांत, माणसांसोबत घोडेही पुरलेले होते, तांब्याच्या अलंकारांसकट. कुठलाही लेख त्या लोकांबद्दल चकार शब्द सांगत नाही. लोहयुगातला विदर्भ कळायला कुदळीशिवाय इलाज नाही, आणि नेमका तोच भाग मिराशींच्या कक्षेबाहेरचा. शिवाय काटोल रोडने जुनापाणीला जाऊन अशी वर्तुळं स्वतः बघता येतात.

तेव्हा राजे, घराणी, राजकारण यांत रस असेल तर मिराशी विकतच घ्या, जुनी प्रत मिळाली तरी चालेल. अहवाल विकत घेण्याच्या भानगडीत पडू नका. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून चित्रं आणि शेवटची निष्कर्षांची पानं तेवढी वाचा, मग अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, चक्कर मारा. दोन्ही करणार असाल तर मिराशी आधी.

तत्त्वज्ञानाकडे वळायचं असेल तर हिरियण्णांचा भारतीय तत्त्वज्ञानावरचा 1932 चा एकखंडी इंग्रजी ग्रंथ शांत, नेटका आहे. परीक्षेला बसणाऱ्याला तोच बरा. मला मात्र बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' जास्त गुंतवतो. म्हातारा, आजारी, प्रेत पाहून सिद्धार्थ घर सोडतो ही परंपरागत कथा ते मानत नाहीत. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत पेटलेलं भांडण पुढे आणतात. पटो न पटो, वाचक वाद घालायला लागतो. घ्यायचा तर दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवर घ्या.