ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरी बांधल्यानंतर: आठ महिने आणि एक पावसाळा

जानेवारीत ओव्हरहॉल किट (नव्या प्लेट आणि सीलचा संच) बसवले तेव्हाच ठरले होते की चवथ (गणेशचतुर्थी) आटोपल्यावर बॉक्सखालचा तेलाचा पॅन काढून बघायचा. परवा काढला. तेल लाल आहे, जळका वास नाही, मॅग्नेटवर नुसता मऊ राखाडी लेप. चिमटीत घासला तर खरखर लागत नाही. केरीहून चोर्ला घाट कित्येकदा चढून, वर अख्खा पावसाळा काढून बॉक्स असा निघाला, म्हणजे किट चांगले आहे. एक तक्रार मात्र आहे, आणि ती लहान नाही.

गाडी जुनी, मागच्या चाकांवर चालणारी. आत आयसिन कंपनीचा चार गिअरचा ए३४० जातीचा बॉक्स. उघडण्याआधी नेमका कोणता गिअर घसरतो ते लिहून ठेवा. गिअर धरतात ते आतले क्लच आणि ब्रेक, म्हणजे प्लेटचे पॅक; त्यांना सी१, सी२, बी० अशी नावे आहेत. फक्त चौथा घसरत असेल तर बी० ब्रेक बघा. तिसरा, चौथा आणि रिव्हर्स तिन्ही एकदम ढिले पडले असतील तर सी२ क्लच. पुढचे सगळे गिअर गेले आणि रिव्हर्स ठणठणीत असेल तर सी१. एवढे कळले तरी बॉक्स पूर्ण खोलायचाच. एक पॅक जळला की त्याचा भुगा सगळीकडे पोचलेला असतो.

पॅकमध्ये कागदी थराच्या फ्रिक्शन प्लेट आणि साध्या स्टील प्लेट आळीपाळीने बसतात. किटमधल्या फ्रिक्शन प्लेट उत्तम. जुन्या प्लेटवरचे छापील आकडे घासून गेले असतील तर त्या पॅकमधल्या सगळ्या बदला. नव्या प्लेट निदान अर्धा तास एटीएफमध्ये (ऑटोमॅटिक बॉक्सच्या तेलात) बुडवून ठेवा, रात्रभर राहिल्या तरी बिघडत नाही. पैसे वाचतात ते स्टील प्लेटमध्ये. निळेकाळे डाग नाहीत आणि काचेवर ठेवून डुगडुगत नाहीत, तर जुन्याच खुशाल घाला. पॅक भरला की फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) गॅप मोजा. एका फ्रिक्शनमागे साधारण ०.२५ मिमी हा ढोबळ हिशेब, शेवटचा शब्द सर्व्हिस मॅन्युअलचा. किटमध्ये एकाच जाडीची फ्लँज (पॅकच्या टोकाची जाड प्लेट) येते, ती जुळली नाही तर वेगळी शोधावी लागते.

हे काम पावसात काढू नका. आपल्या दमट हवेत धुऊन कोरडी ठेवलेली स्टील प्लेट एका रात्रीत तांबूस होते. उरलेले भाग एटीएफ चोपडून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. रॉकेलने धुवा आणि हवेने सुकवा, पण चिंधीने पुसू नका. सुताचा एक धागा व्हॉल्व्ह अडकवायला पुरतो. चेक बॉल (तेलाच्या वाटेतल्या छोट्या गोळ्या) आणि थ्रस्ट वॉशर जागेवर धरायला व्हॅसलीनच लावा. ग्रीस एटीएफमध्ये विरघळत नाही, ते फिल्टरमध्ये आणि बारीक छिद्रांत जाऊन बसते. व्हॉल्व्ह बॉडी (तेलाच्या वाटा बदलणारा भाग) उघडताना प्रत्येक थराचा फोटो घ्या. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि ताण फक्त १० न्यूटन-मीटर लागतो. मोठा टॉर्क पाना इथे वापरलात तर ॲल्युमिनियमची आटी गेलीच म्हणून समजा.

व्हॉल्व्ह बॉडी बसवण्याआधी प्रत्येक क्लचच्या तेलाच्या छिद्रात ४ ते ८ किलो (प्रति चौरस सेंमी) दाबाची हवा सोडा. ‘धप्प’ असा आवाज आला तर सील धरतेय. नुसता फुस्स आला तर सील दुमडलेय. आत्ताच खोला, नंतर पूर्ण बॉक्स उतरवावा लागेल. इंजिन आणि बॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये लिटरभर तेल ओता, मग तो दाबत फिरवत तिन्ही टप्पे पूर्ण बसवा. अर्धवट बसलेला असताना बेलहाउसिंगचे (इंजिनला जोडायच्या आवरणाचे) बोल्ट आवळले तर पंपाचा गिअर तुटतो. हाऊसिंग इंजिनला टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरलाच पाहिजे.

सुरुवातीला या किटबद्दल माझे मत वाईट होते. गाडी थंड असताना रिव्हर्स उशिरा लागायचा, त्यामुळे दोष सी२च्या सीलना दिला. तो चुकीचा होता. लेव्हल चुकीच्या पद्धतीने मोजल्यामुळे तेल अर्धा लिटर कमी भरले गेले होते. लेव्हल तेल ७० ते ८० अंश सेल्सिअस गरम असताना, इंजिन चालू ठेवून, लिव्हर पी पासून एल पर्यंत नेऊन परत पी वर आणल्यावरच बघायची. तसे भरले आणि रिव्हर्स लगेच धरू लागला. सील दोषमुक्त.

आता तक्रार. किटसोबतच्या कागदात कूलरचा उल्लेखच नाही. बॉक्सचे तेल गार होते ते रेडिएटरच्या टाकीत बसवलेल्या छोट्या कूलरमध्ये, आणि जुन्या बॉक्सचा बराच भुगा तिथे साचतो. तो तसाच ठेवून बॉक्स जोडला तर नव्या प्लेटवर पहिल्याच दिवशी जुना कचरा फिरतो. दुसरा धोका पाण्याचा. तो कूलर आतून कुजला की कूलंट तेलात उतरते. फ्रिक्शनचा थर कागदी असतो. तो पाणी शोषतो आणि डिंक सुटून स्टीलपासून उकलतो. तेल गुलाबी, दुधाळ झालेले दिसेपर्यंत प्लेट गेलेल्या असतात. खाडीकाठी आणि फेरीबोटीच्या धक्क्यावर रोज गाडी नेणाऱ्यांच्या लोखंडी पाइपांना बाहेरूनही गंज लागतो, त्यांनी दुप्पट काळजी घ्यावी.

म्हणून कूलर उलट्या दिशेने फ्लश करा आणि इंजिन आयडलवर ठेवून परतीच्या पाइपातून तेल मोजा. २० सेकंदांत साधारण १ लिटर आले पाहिजे. कमी आले तर कूलर तुंबलाय, पुन्हा फ्लश करत वेळ घालवू नका. रेडिएटर जुना असेल तर बदलाच. हजारोंच्या प्लेट घालून तिथे काटकसर करणे मला पटत नाही. स्टील प्लेटमध्ये वाचलेले पैसे इथे घाला. पाइप नवे, रबरी होज तेलाचे, क्लॅम्प स्क्रूचे. ब्रीदरची (बॉक्सला हवा घेऊ देणारी) नळी वरपर्यंत नेऊन ठेवा. गरम बॉक्स पाण्यात शिरून गार झाला की हवा आत ओढतो, आणि नळी पाण्यात असेल तर पाणी.

कन्व्हर्टर घरी धुता येत नाही, तो कापून साफ करून परत वेल्ड आणि बॅलन्स करावा लागतो. त्यातला जुना भुगा आतच राहतो, म्हणून पहिले तेल लवकर बदला. पॅनमधून सुमारे २ लिटरच उतरते, बाकीचे कन्व्हर्टरमध्ये राहते. थोडी गाडी चालवून दोन-तीनदा बदललेत तर जुन्यातले बरेचसे निघते.