काजूच्या माहेरी बाजारहाट: फोर्तालेझाचं मेर्कादो सेंत्राल, आणि उरलेला दिवस

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकते. ब्राझीलमधल्या फोर्तालेझाच्या मेर्कादो सेंत्रालला, म्हणजे मध्यवर्ती बाजाराला, साडेचार तारे. मुकुरिपेच्या मासळीबाजाराला चार. मधल्या वेळेत प्राया दो फुतुरोच्या वाळूवर ज्या शॅकमध्ये बसलो त्याला अडीच, आणि त्यातलेही दोन समुद्राचे.

आमचा वेंगुर्ल्याला काजूचा लहानसा कारखाना आहे. ह्यांना ब्राझीलमधली काजू फोडायची यंत्रं बघायची होती. मी हिशेब आणि ग्रेडिंग सांभाळते, तेव्हा माझंही तिकीट निघालं. यंत्रवाल्यांची भेट शुक्रवारी होती, म्हणून गुरुवार सगळा मोकळा. नोव्हेंबर महिना मुद्दाम धरला होता. फोर्तालेझाच्या सिआरा राज्यात काजूचा हंगाम ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतो आणि वर्ष संपेपर्यंत चालतो. आपल्याकडे त्या वेळी झाडाला जेमतेम मोहोर दिसायला लागलेला असतो.

फोर्तालेझा भारताच्या साडेआठ तास मागे आहे, त्यामुळे पहाटे तीनलाच दोघांचे डोळे टक्क उघडे. त्याचा फायदाच झाला. विषुववृत्त इथून चार अंशही लांब नाही. पाचला लख्ख उजेड, आणि संध्याकाळी साडेपाच-पावणेसहाला सूर्य गेलेला, वर्षभर थोड्याफार फरकाने हेच. दहाला उठून नाश्ता करून निघणाऱ्यांचा अर्धा दिवस इथे फुकट जातो. आम्ही बाजार उघडायच्या आधीच शेजारच्या कॅथेड्रलमध्ये जाऊन बसलो होतो. राखाडी रंगाचं, दोन उंच टोकदार मनोऱ्यांचं हे देऊळ १९३८ साली बांधायला घेतलं आणि १९७८ साली पुरं झालं. बाहेरून करडं, उग्र वाटतं. आत मात्र रंगीत काचांमधून उन्हाचे पट्टे फरशीवर पडतात आणि गारवाही चांगला असतो.

तिथून दोन पावलांवर तो किल्ला, ज्याच्यावरून शहराला नाव पडलं. आत लष्कराचं ठाणं आहे. माहिती वाचताना हे थबकलेच: १६४९ साली इथे पहिल्यांदा किल्ला उभारला तो डचांनी, आणि १६५४ साली तो पोर्तुगीजांकडे गेला. त्याच सुमारास डच आमच्या वेंगुर्ल्यातही वखार घालून बसले होते! कंपन्या दोन वेगळ्या, एक पूर्वेची, एक पश्चिमेची, पण माणसं त्याच देशाची. आमच्या वखारीच्या भिंतींवर आता झाडं उगवली आहेत, इथे रंगरंगोटी करून पहारा ठेवलाय. ह्यावर ह्यांनी नगरपालिकेविषयी जे मत दिलं ते इथे लिहीत नाही.

आता बाजार. सध्याची इमारत १९९८ सालची आहे. मजल्यामजल्यांना जोडणारे उतार आहेत, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही वरपर्यंत जाता येतं. पाचशेहून जास्त गाळे आहेत, आणि सुरुवातीला सगळे एकसारखेच वाटतात: झुले, लेस, चामड्याच्या चपला, काचेच्या बाटलीत रंगीत वाळू भरून केलेली चित्रं, उसाची दारू, गुळाच्या ढेपा. पहिल्या गाळ्यात काही घेऊ नका. एकदा सगळं फिरा, भाव कानावर पडू द्या, मग उलटे या. घासाघीस चालते, पण आवाज चढवून नाही. हसत हसत दोन नग उचलले की भाव आपोआप खाली येतो.

काजूच्या गाळ्यांवर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि खरं सांगायचं तर हा सगळा रिव्ह्यू त्यांच्यासाठीच लिहितेय. खारे, भाजलेले, मिरचीचे, चॉकलेटचे, साखरेच्या पाकात घोळून वर तीळ लावलेले. विकणाऱ्या बायका चमच्याने हातावर ठेवत जातात, आणि चव घेतली म्हणून घ्यायलाच हवं असा तगादा लावत नाहीत. तिळाचे काजू घ्याच. पाक कडक असतो, दाताला चिकटत नाही.

साध्या भाजलेल्या गराबद्दल मात्र आम्ही बोलणारच. एका पौंडात तीनशे ते तीनशेवीस गर बसतात तो ३२० नंबर, दोनशेवीस ते दोनशेचाळीस बसतात तो २४०. इथे समोर २४०च्या बरोबरीचा मोठा, पांढरा गर होता, वासही ताजा. पण बाजूच्या ढिगात पाकळी आणि तुकडा बघितला की कळतं, फोडणी यंत्रावर झालीय. आमच्याकडे बायका एकेक बी हाताने पात्याखाली धरतात, पायाने दाब देतात आणि अख्खा गर काढतात. वेळ लागतो, हातांना टरफलाचं तेल लागतं, पण अख्ख्याचं प्रमाण चांगलं राहतं. ह्यांनी मूठभर गर तळव्यावर पसरले आणि म्हणाले, "तुकडो जास्ती आसा गो. यंत्र बघुचा, पण पैसे देवच्या आधी विचार करूक होयो." साडेसात हजार मैलांहून जास्त अंतर तोडून आलेल्या माणसाला निम्मं उत्तर गाळ्यावरच मिळालं.

काजूगर आपल्याकडे मिळतातच, ते बघायला ब्राझीलला कोण जाईल? इथे बघायची गोष्ट आहे बोंडू, म्हणजे काजूचं फळ. बाजाराबाहेर फुटपाथवर लाल-पिवळे बोंडू ओळीने मांडून ठेवलेले, बी सकट. सुपरमार्केटात तर थाळीत मांडून वर प्लॅस्टिकचा कागद ओढलेले, सफरचंदासारखे विकायला. आमच्याकडे बी पिरगळून काढली की बोंडवांचा झाडाखाली सडा पडतो. गोव्यात निदान फेणी गाळतात. आम्ही वास येईपर्यंत तसेच ठेवतो. ह्यांनी एक उचललं, पुसलं, आणि तिथेच उभ्याने खाल्लं. घशाला धरलं नाही. "गो, बोंडवाक हय किंमत आसा!" हे ते इतक्या मोठ्यांदा म्हणाले की विकणारा हसला आणि दुसरं फुकट दिलं.

ह्यामागचं कारण ह्यांना आधीपासून माहीत होतं, मला तिथे बघून पटलं. बोंडू जमिनीवर पडलं की फुटतं आणि काही तासांत आंबायला लागतं. ते फळ म्हणून विकायचं तर झाडावरूनच हाताने तोडावं लागतं, आणि त्यासाठी झाड बुटकं हवं. फोर्तालेझाजवळच्या पाकाजुसच्या संशोधन केंद्रातून अशा बुटक्या जाती १९८३ सालापासून बागायतदारांकडे गेल्या. आमच्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानेही चांगल्या जाती दिल्या. वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७ आमच्याही बागेत आहेत. पण आम्ही तिथे बीचं वजनच बघत आलो.

आतल्या खाण्याच्या गाळ्यावर बोंडवाचं सरबत प्या, साखर कमी सांगून. ते दुधी, दाट असतं. दुसरं म्हणजे काजुईना: बोंडवाचा रस गाळून, निवळून, बाटलीत उकळलेला, मधाच्या रंगाचा, दारूचा थेंबही नसलेला. फेणीच्या आशेने घोट घेणाऱ्यांचं तोंड बघण्यासारखं होतं, आमच्या घरचं एक तोंड मी बघितलं. मला आवडलं. सुकवलेलं, काळपट झालेलं गोड बोंडूही मिळतं. ते मी कारखान्यातल्या बायकांसाठी घेतलं. काजूगर घेतले नाहीत, वेंगुर्ल्याला काजू नेला असता तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

अर्धा तारा कापला तो पैशांच्या भानगडीमुळे. इथे सगळं पिक्सवर चालतं. त्यांच्या मध्यवर्ती बँकेने २०२० साली सुरू केलेलं, आपल्या यूपीआयच्याच जातीचं. त्याला तिथलं बँक खातं लागतं, आपल्याला ते वापरता येत नाही. मोठ्या गाळ्यांवर कार्ड चालतं, पण पिक्सचा भाव वेगळा आणि कार्डाचा वेगळा असं बऱ्याच ठिकाणी ऐकलं. थोडी रोकड जवळ ठेवा. मोबाइल हातात नाचवत फुटपाथवर उभे राहू नका, गाडी बाजाराच्या आतून बोलवा.

दुपारी प्राया दो फुतुरो. शहराच्या पूर्वेकडचा, उघड्या अटलांटिकवरचा किनारा. लाटा जोरदार, वारा इतका की टोपी एका हाताने धरूनच चालायचं. वर्षाच्या उत्तरार्धात इकडे वारा असाच असतो. वाळूवर ओळीने शॅक आहेत, पण गोव्यातल्यासारखे झावळ्यांचे नव्हेत. काहींत पोहायचे तलाव, स्टेज, मुलांची घसरगुंडी, सगळा संसार. आम्ही बसलो त्याचं नाव लिहीत नाही. टेबलाला किमान इतकं खाल्लंच पाहिजे हे बसल्यावर सांगितलं, गाणाऱ्याचे पैसे बिलात लावले, आणि गाणारा असा की शेजारी बसलेल्या नवऱ्याला मीठ मागायला खुणा कराव्या लागल्या. दहा टक्के सेवाशुल्क बिलात असतं, पण ते द्यायची सक्ती नाही. हे आधी माहीत असलेलं बरं. बसण्यापूर्वीच किमान रक्कम आणि गाण्याचे पैसे विचारून घ्या.

आता गंमत अशी की फोर्तालेझात गुरुवार म्हणजे कुर्ल्यांचा, खेकड्यांचा वार. संध्याकाळपासून गावभर लोक कुर्ल्या खायला बसतात. आणि माझा गुरुवार! लग्नाआधीपासून गुरुवारी मासळी नाही, ती काय ब्राझीलमध्ये सुरू करू? तेव्हा कुर्ल्यांबद्दलचं मत ह्यांचं आहे. कांदळवनातली मोठी कुर्ली, नारळाचं दूध, टोमॅटो आणि कोथिंबिरीत उकडलेली. सोबत लाकडी पाट आणि छोटी लाकडी हातोडी देतात. आजूबाजूला सगळं टेबल ठोकठोक करत होतं. ह्यांनी हातोडी बाजूला ठेवली आणि नांगी दाढेखाली घेतली. वाढणारा पोरगा थांबून बघत राहिला. निकाल: मांस गोड, ताजं, पण रस्सा पातळ, "नारळ आसा, वाटप नाय." वाटप म्हणजे आमचं वाटण.

मी खाल्लं बाइयाँव दी दोइस: तांदूळ आणि चवळी एकत्र शिजवून त्यात भाजलं तरी न वितळणाऱ्या तिथल्या चीजचे तुकडे. बहुतेक ठिकाणी त्यात मांस घालतात, म्हणून "सें कार्नी" असं आधीच सांगा आणि ताट आल्यावर एकदा ढवळूनही बघा. मग ताजा नारळ घातलेला टापिओका, म्हणजे कसाव्याच्या ओल्या पिठाची तव्यावर घातलेली पांढरी घडी. आपला साबुदाणा ह्याच कंदाचा, म्हणजे उपासवाल्यांची इथे सोय आहे. दोन्ही पदार्थ उत्तम होते. अडीच ताऱ्यांतला उरलेला अर्धा ह्या दोन पदार्थांचा.

चारनंतर शहराच्या उत्तर किनाऱ्यावर, बेइरा-मार रस्त्याच्या फुटपाथवर. धावणारे, कुत्री फिरवणारे, व्यायाम करणारे आजोबा. मुकुरिपेच्या बाजूला वाळूवर जांगादा ओढून ठेवलेल्या असतात. एका शिडाची, चपटी, तराफ्यासारखी होडी. ही होडी इथे नुसती शोभेची नाही. १८८१ साली इथल्या जांगादावाल्यांनी गुलामांना किनाऱ्यावरून जहाजावर नेऊन सोडायला नकार दिला. त्यांचा पुढारी फ्रान्सिस्को जोझे दो नासिमेंतो, ज्याला लोक द्रागाँव दो मार म्हणतात. बंदरात धक्का नव्हता, जांगादाशिवाय माल किंवा माणूस जहाजावर चढणं अवघड, म्हणून हा नकार भारी पडला. सिआराने २५ मार्च १८८४ रोजी गुलामगिरी संपवली, देशभर ती १८८८ साली संपली.

तिथेच मासळीबाजार. पद्धत सोपी. एका गाळ्यावरून कोलंबी किंवा मासा वजन करून घ्यायचा, पलीकडच्या गाळ्यावर द्यायचा, ते साफ करून लसूण घालून तळून देतात. तळण्याचे पैसे वेगळे. टेबलं समुद्राकडे तोंड करून. वजन काट्यावर डोळ्यांनी बघा, बर्फ निथळून झाल्यावर. मी उभी राहून बघितलं तेव्हा त्या माणसाने न सांगताच आणखी दोन कोलंब्या टाकल्या. ताजेपणात खोट नाही, डोळे काळे, साल घट्ट. एक तारा गेला तो बसायच्या जागेसाठी: खुर्च्या ओल्या, टेबल आपणच पुसायचं, आणि साडेपाचनंतर जागा मिळायला ताटकळावं लागतं.

ह्यांनी अर्धा किलो कोलंबी सालासकट, डोक्यासकट संपवली आणि मला एकदाही विचारलं नाही, हे इथे नोंदवून ठेवते. मी शहाळं पीत होते. निघताना तळणाऱ्या बाईला फोनवर भाषांतर करून दाखवलं: उद्या शुक्रवार आहे, उद्या मी येणार, लसूण दुप्पट.