पणजोबांची नोंद शोधायला गेलो आणि ५,२९७ रुपये घालवून बसलो

‘शंभर वर्षांपूर्वीची कुटुंबाची नोंद घरबसल्या’ अशी जाहिरात सध्या मोबाइलवर फिरते आहे. तिच्यावर बोटसुद्धा ठेवू नका.

मी काही अडाणी माणूस नाही. उभी हयात हिशेबाच्या वह्यांत गेली. पण पुतण्याच्या जात पडताळणीची मुदत डोक्यावर, तहसीलमधून रोज ‘उद्या या’, अशा वेळी माणूस करणार काय?

आधी नोंदणीचे ४९९. मग वंशावळ पॅकेज, २,४९९. मग फोन आला, “काका, तुम्ही अमळनेरकडचे ना? नोंद सापडली, पण मोडीत आहे.” लिप्यंतराचे १,८००. मोडी म्हटल्यावर माझा उलट विश्वासच बसला. आपल्याकडचे जुने कागद मोडीत असतात हे सगळ्यांना माहीत आहे. चोरालाही.

आणि मग ती पीडीएफ. वर राजमुद्रेसारखा शिक्का, खाली ‘जळगाव जिल्हा, सन १८९४’. अहो, १८९४ ला जळगाव जिल्हा होता कुठे? तेव्हा अख्खा खान्देश एकच जिल्हा, मुख्य कचेरी धुळ्याला. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व खान्देशचा जळगाव जिल्हा झाला तो १९६० मध्ये. हे मीच घरातल्या पोरांना पढवलंय! फॉर्म भरताना घाईत पणजोबांच्या नावात माझ्याकडून ‘डू’चा ‘डु’ झाला होता. नोंदीतही तोच ऱ्हस्व ‘डु’. माझंच टायपिंग मला १,८०० रुपयांना विकलं मेल्यांनी. आत्याने चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, “हाऊ कागद जुना शे का रे भाऊ?” मी तिलाच गप्प केलं. रात्री साडेदहा वाजता, डोळे चुरचुरत असताना, कुणाला सुचतंय सनावळ्या तपासायचं?

जो कुणी नोंद ‘सापडली’ म्हणेल त्याला आधी विचारा: कुठल्या कचेरीतलं दप्तर, कुठला खंड, कितवं पान? आणि मूळ मोडी पानाचा फोटो आल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही.

आता पोलिसांचं ऐका. “काका, लोकांचे लाखांत जातात, तुम्ही पाच हजारांचं काय घेऊन बसलात?” हे गणवेशातला माणूस बोलतो! तालुक्याचं ठाणं म्हणे जिल्ह्याच्या सायबरला जा, सायबर म्हणे आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. लावला. तक्रार क्रमांक मिळाला, पुढे सगळा शुकशुकाट. बँकेतली मॅडम मान वर न करता म्हणाली, “पिन तुम्हीच टाकला ना? मग फसवणूक कशी?” म्हणजे चोराला दार उघडलं तर चोरी झालीच नाही! हे सगळं चालू असतानाच आणखी ४९९ कटले. पहिल्याच व्यवहारात ऑटोपे, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी, लावून घेतला होता. तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचा रकाना आजच्या आज उघडून बघा.

नोंदी खऱ्या असतात त्या जागा वेगळ्या. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, तहसीलला मागा. शाळेचं जनरल रजिस्टर पाहा. नाशिक-त्र्यंबकेश्वरला आपल्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायांकडे वह्या असतात, त्यांत पिढ्यांची नावं निघतात. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर खातं फुकट आहे, कार्ड मागत नाहीत.

मी तहसीलला पुन्हा अर्ज टाकलाय. रेकॉर्ड रूमची चावी ज्यांच्याकडे आहे ते साहेब निवडणूक ड्युटीवर आहेत म्हणे.