कामिनोसाठी वापरलेलं युरो फॉरेक्स कार्ड: भाव ठीक, एटीएमचा भुर्दंड मोठा

स्पेनहून परत येऊन काही महिने झाल्यावर फॉरेक्स कार्डाचं (परकीय चलन आधीच भरून न्यायचं कार्ड) स्टेटमेंट काढलं, तर उरलेल्या ८५ युरोंतून 'निष्क्रियता शुल्क' (कार्ड वापरलं नाही म्हणून लागणारी फी) कापायला सुरुवात झालेली. कस्टमर केअर म्हणतं शाखेत जा, शाखा म्हणते अर्ज ऑनलाइन करा. म्हणून हा अनुभव लिहितोय. बँकेचं नाव देत नाही. खासगी बँकांच्या मल्टिकरन्सी कार्डांच्या अटी बहुतेक सारख्याच असतात, तेव्हा नाव कळून फारसा फायदा नाही. अटी कळल्या तर मात्र पैसे वाचतील.

कार्ड वापरलं ते कामिनो फ्रान्सेस या ख्रिस्ती तीर्थयात्रेच्या वाटेवर: फ्रान्समधल्या सँ-जाँ-पिए-द-पोरपासून सांतियागो दे कोंपोस्तेलापर्यंत, साधारण ७८० किलोमीटर, पायी. विश्रांतीचे दिवस धरून ३५ दिवसांचा हिशेब करावा. विमान, व्हिसा आणि विमा वेगळे ठेवले, तर वाटेवरचा खर्च दिवसाला ४० ते ४५ युरो येतो. सरकारी किंवा चर्चच्या आल्बेर्गेत (यात्रेकरूंची धर्मशाळा) बेड १० ते १६ युरो, खासगीत १५ ते २०. यात्रेकरूंचं ठरावीक जेवण १२ ते १६, सकाळची कॉफी आणि बटाट्याच्या तोर्तियाचा तुकडा मिळून ५ च्या आसपास, उरलेलं फळं, ब्रेड, चीज. एकूण दीड हजार युरो. हिशेबाला सोपं जावं म्हणून युरो १०० रुपये धरला आहे, म्हणजे दीड लाख.

कार्ड घेताना सगळ्यांचं लक्ष असतं भावाकडे. दोन बँका आणि एक मनी चेंजर यांच्यात घासाघीस करून युरोमागे ५० पैसे कमी करून घेतले, की मोठी बाजी मारल्यासारखं वाटतं. पण दीड हजार युरोंवर ५० पैसे म्हणजे फक्त ७५० रुपये. आता एटीएमकडे बघा.

कार्डाची रोख काढण्याची फी दर वेळी दीड युरो. शिवाय स्पेनमधलं मशीन परदेशी कार्डाकडून स्वतःची फी घेतं, ती वेगळी. ती बँकेप्रमाणे बदलते, साधारण २ ते ७ युरो, आणि पैसे निघण्याआधी स्क्रीनवर दाखवली जाते. मधला आकडा ५ धरला, तर एका वेळेचे साडेसहा युरो झाले. ही फी रकमेवर नसून खेपेवर आहे, आणि सगळी गोम इथेच आहे. ६० युरो काढले तर जवळजवळ ११ टक्के गेले, ३०० काढले तर दोन टक्क्यांच्या थोडं वर.

कामिनोवर रोख लागतेच. शहरांत आणि मोठ्या आल्बेर्गेंत कार्ड चालतं, पण खेड्यातलं बार, देणगीवर चालणाऱ्या धर्मशाळा, कपडे धुण्याचं नाण्यांचं मशीन, वाटेवरचा फळवाला, सगळं रोखीवर. एकूण खर्चाचा साठ टक्के भाग रोख धरा, म्हणजे ९०० युरो. शंभर-शंभर करून काढले तर नऊ खेपा, ५८ युरो ५० सेंट, म्हणजे ५,८५० रुपये. तीनशेच्या आसपास काढले तर तीन खेपा, साडेएकोणीस युरो. फरक ३९ युरोंचा, म्हणजे सरकारी आल्बेर्गेतले तीन मुक्काम. ७५० रुपयांसाठी दोन दिवस फोन करणाऱ्या माणसाने हे ५,८५० आधी बघायला हवेत. बँकेच्या माहितीपत्रकात ही फी शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असते आणि मशीनच्या फीचा तर उल्लेखही नसतो. या एका गोष्टीमुळे माझ्या मते कार्डाचे दोन तारे गेले.

यावर उपाय सोपा आहे आणि तो भारतातच करायचा. पाचशे ते सहाशे युरो रोख पुण्या-मुंबईतूनच घ्या. परदेशी नोटा एका प्रवासाला ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंत नेता येतात, त्यामुळे नियमाची अडचण नाही. मनी चेंजरला आधीच सांगायचं: २० च्या आणि १० च्या नोटा द्या, ५० च्या नकोत. तो कुरकुर करेल, दोन दिवस थांबायला सांगेल, तरी थांबा. सकाळी साडेसहाला पावणेदोन युरोच्या कॉफीसाठी ५० ची नोट काढली की बारवाल्याकडे सुटे नसतात, आणि त्याचीही चूक नसते. देणगीच्या पेटीत तर सुटे मिळण्याचा प्रश्नच नाही. स्पेनमधल्या एटीएममधून काढायचे झाले तर १५० ऐवजी १४० मागा, ३०० ऐवजी २९० मागा. मग मशीनला निदान दोन नोटा तरी २० च्या द्याव्याच लागतात.

मशीन कुठे आहे हेही आधी बघून ठेवावं. पाम्प्लोना, लोग्रोन्यो, बुर्गोस, लेऑन, आस्तोर्गा, पोनफेर्रादा, सार्रिया इथे हवी तेवढी आहेत. मधल्या खेड्यांत नसतात. मेसेता पठारावर कार्रिऑन दे लोस कोन्देसच्या पुढे काल्सादिया दे ला कुएसापर्यंत सुमारे १७ किलोमीटर वाटेत एक गावसुद्धा नाही, तिथे मशीन कुठून असणार? म्हणून रोजची सरासरी काढून उपयोग नाही. एका मोठ्या गावापासून पुढच्या मोठ्या गावापर्यंत किती रोख लागेल, असा टप्प्याटप्प्याने हिशेब मांडावा. बुर्गोस ते लेऑन हा टप्पा साधारण १८० किलोमीटरचा, आठेक दिवसांचा. त्याला २०० ते २२० युरो रोख खिशात असली की मध्ये कुठे मशीन शोधावं लागत नाही.

आता स्क्रीनवरचा सापळा. मशीन विचारतं: रुपयांत रूपांतर करून रक्कम लावू का? आकडा रुपयांत दिसला की आपल्याला बरं वाटतं, म्हणूनच तो दाखवतात. त्यातला भाव ५ ते १० टक्के वाईट असतो. युरो भरलेल्या कार्डावर तर दुहेरी मार बसतो: मशीन युरोचे रुपये करतं, कार्डात रुपये नाहीत म्हणून बँक पुन्हा त्याचे युरो करते आणि वर साडेतीन टक्के लावते. काही कार्डं असा व्यवहार सरळ नाकारतात, ते उलट बरं. बटणावर 'सिन कॉन्वेर्सिऑन' म्हणजे रूपांतराशिवाय, तेच दाबायचं. 'आसेप्तार' (स्वीकारा) हे मोठं हिरवं बटण दाबायचं नाही. दुकानातल्या छोट्या मशीनवरही हाच प्रश्न येतो आणि घाईत दुकानदारच बटण दाबून मोकळा होतो, म्हणून कार्ड टेकवण्याआधी 'युरोस' म्हणून सांगावं.

कार्डाबद्दलचं माझं मत अर्ध्या वाटेत बदललं. निघताना वाटत होतं की भाव पक्का होतो हाच याचा मोठा गुण. महिना-सव्वा महिन्यात युरो एक-दीड रुपयाने इकडेतिकडे होतो, म्हणजे दीड लाखावर दीड-दोन हजारांचा प्रश्न. खरा उपयोग वेगळाच निघाला: कार्डात जेवढे भरले तेवढेच खर्च होतात, आणि दर व्यवहारानंतर शिल्लक फोनवर दिसते. पाकिटात वेगळे काढून ठेवलेल्या पैशांसारखं आहे हे. लेऑनला पोचताना निम्म्याहून जास्त वाट संपलेली असते. तिथे शिल्लक उरलेल्या वाटेच्या मानाने कमी असेल तर पुढचे चार दिवस खासगी खोली नाही, बाहेरचं जेवण एकच वेळ, एवढं लगेच ठरवता येतं. यासाठी एक तारा परत दिला.

दुकानात आणि आल्बेर्गेत टॅप करून पैसे देण्यासाठी मात्र हे कार्ड आता सगळ्यात स्वस्त राहिलेलं नाही. परकीय चलनावर मार्कअप (बँकेचा जादा आकार) न लावणारी क्रेडिट आणि डेबिट कार्डं मिळतात. साध्या कार्डावर साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के जातात. फॉरेक्स कार्डाच्या भावातच दीड-दोन टक्के बसलेले असतात. शून्य मार्कअपवाल्यावर दोन्ही नाहीत. फक्त क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढू नका, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

रीलोडबद्दल. परदेशातून कार्डात पैसे भरायचे तर ओटीपी भारतीय नंबरवर येतो. सिम फोनमध्ये असावं, आणि आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्याआधी चालू केलेलं असावं. येणारा एसएमएस सहसा फुकट असतो, डेटासाठी तिकडचं ई-सिम घ्या. दुसरा-चौथा शनिवार, रविवार आणि बँकेच्या सुट्टीला भरलेले पैसे अडकू शकतात. शिवाय चलन बदलावरच्या जीएसटीला दर व्यवहारामागे किमान ४५ रुपयांची तळरेषा आहे. दीड लाख एकदम भरले तर जीएसटी २२५ रुपये. तेच १५,००० च्या दहा हप्त्यांत भरले तर ४५० रुपये, आणि बँकेची रीलोड फी दहा वेळा. दोनदाच भरा: निघताना १,००० युरो, लेऑनच्या आसपास उरलेल्या गरजेपुरते. वर्षाला १० लाखांच्या आत असाल तर टीसीएसची (परदेशी पाठवलेल्या पैशांवर आगाऊ घेतला जाणारा कर) काळजी नाही.

देणगीच्या आल्बेर्गेंबद्दल आपल्याकडच्या लोकांचा एक गैरसमज दूर करायला हवा. 'दोनातिवो' (देणगीवर) वाचून वारीतलं अन्नदान किंवा नर्मदा परिक्रमेतलं सदावर्त डोळ्यांसमोर येतं आणि बजेटात शून्य लिहिलं जातं. तसं लिहू नये. वाटेवरच्या ग्रान्योन गावातल्या चर्चमध्ये पेटी उघडी असते आणि तिच्यावर लिहिलेलं असतं: जमेल ते ठेवा, लागेल ते घ्या. रात्रीचं जेवण, गादी, सकाळचा नाश्ता हे सगळं आदल्या दिवशीच्या यात्रेकरूंनी ठेवलेल्या पैशांतून होतं. ज्याला परवडतं त्याने १५ ते २० युरो ठेवावेत आणि बजेटात तेवढेच लिहावेत. ही जागा टिकावी असं मनापासून वाटतं, म्हणून काटकसर करायची ती इथे नाही.

काटकसरीच्या जागा दुसऱ्या आहेत. रविवारी सुपरमार्केट बहुतेक ठिकाणी बंद, म्हणून शनिवारी संध्याकाळी दोन वेळचं घेऊन ठेवा, नाहीतर रविवार दहा युरोंनी महाग पडतो. दुपारी दोन ते पाच छोटी दुकानंही बंद. गालिसियातल्या (सांतियागोचा प्रांत) सरकारी आल्बेर्गेंत स्वयंपाकघर असतं पण बऱ्याच ठिकाणी भांडी नसतात. स्वयंपाक करून पैसे वाचवायचा बेत असेल तर अर्ध्या-पाऊण लिटरचं ॲल्युमिनियमचं भांडं सोबत हवं. शाकाहारी लोकांनी मसुरीच्या सूपाआधी 'सिन कार्ने' (मांसाशिवाय) म्हणून विचारावं, त्यात बहुतेकदा सॉसेजचे तुकडे असतात. फोडांवरच्या जेल पट्ट्या तिकडच्या फार्मसीत महाग आहेत, चिकटपट्टी आणि गॉज इथूनच न्या. बॅग पुढच्या गावी पाठवण्याची सोय टप्प्याला ५ ते ८ युरोंना मिळते. रोज वापरली तर महिन्याला दोनशे युरो, म्हणून ती गुडघ्याच्या त्रासासाठी राखून ठेवावी.

आणि उरलेली शिल्लक. बँक युरो परत घेते ते खरेदीच्या भावाने, विकताना लावलेल्या भावाने नाही. त्यामुळे युरोमागे काही रुपये तिथेच जातात, वर परतफेडीची फी. म्हणून सांतियागोला पोचायच्या आधी कार्ड रिकामं करत आणा. शेवटचे बेड आणि सुपरमार्केट कार्डावर, रोख तशीच ठेवा. १३ युरो ४० सेंट उरले असतील तर काउंटरवर तेवढेच कार्डावर घ्यायला सांगा, उरलेले रोख द्या, ते घेतात. उरलेल्या नोटा २,००० डॉलरच्या किमतीपर्यंत घरी ठेवता येतात आणि त्यांना निष्क्रियता शुल्क नाही.

तरीही कार्डावर शिल्लक राहिलीच, तर परत आल्याच्या पहिल्या महिन्यात परतफेडीचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. अर्जासोबत कार्ड नंबरचे शेवटचे चार आकडे, पासपोर्टची प्रत, खाते क्रमांक आणि 'आजच्या तारखेनंतर कोणतंही शुल्क लावू नये' हे वाक्य. शाखेने घ्यायला नकार दिला तर तोच मजकूर बँकेच्या तक्रार ईमेलवर पाठवून तक्रार क्रमांक मिळवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलं आणि पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला पैसे पडत नाहीत. माझी तक्रार सध्या बँकेकडेच आहे आणि शिल्लक ८५ च्या खाली गेली आहे. पैसे परत येईपर्यंत पाचपैकी तीन तारे.